बीएस्सीला मॅथ्स-स्टॅट्सचा अभ्यास कुठल्या क्रमानं करायचा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांसाठी

दरवर्षी तेच होतं. पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) मॅथ्समध्ये नव्वदच्या वर मार्क घेतलेला पोरगा बीएस्सीच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या सेमिस्टरला आपटतो आणि घरी सांगतो पेपर लई अवघड होता. बहुतेक वेळा पेपर अवघड नसतो, अभ्यासाचा क्रम उलटा असतो. आधी सोडवलेली गणितं बघायची, मग तीच पाठ करायची, मग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात थेरम घोकायचे, आणि डेफिनेशनला शेवटपर्यंत हातच लावायचा नाही. पीयूसीला हे खपतं, कारण तिथं गणितांचे प्रकार ठरलेले, प्रकार ओळखला, पद्धत लावली, झालं. डिग्रीला प्रश्नाची भाषाच बदलते, 'काढा'च्या जागी 'दाखवा', 'सिद्ध करा', 'खरं की खोटं ते सांगून कारण द्या' असं येतं आणि तिथं पाठांतर उघडं पडतं.

मी टिळकवाडीत संध्याकाळी बीएस्सीच्या पोरांना शिकवतो आणि हेच सगळं दर जूनला नव्यानं सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून ठेवतोय. टप्पे आहेत त्याच क्रमानं घ्या, मधल्या तपासण्या गाळू नका.

## टप्पा १: कॉलेज सुरू व्हायच्या आधीचे दोन आठवडे

सिलॅबस आधी, पुस्तक नंतर. युनिव्हर्सिटीच्या साइटवरून तुमच्या बॅचचा सिलॅबस काढा, प्रिंट मारा, भिंतीला चिकटवा. तुमच्या बॅचचा म्हणतोय, सीनियरच्या नव्हे. कर्नाटकात २०२१-२२ पासून एनईपीचा, म्हणजे नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा, पॅटर्न आला आणि २०२४-२५ पासून परत तीन वर्षांच्या डिग्रीवर आलं, त्यामुळं वेगळ्या पॅटर्नच्या सीनियरच्या नोट्स आणि जुने पेपर तुमच्या स्कीमला जुळतीलच असं नाही. निपाणीकडं तर अजून गंमत, गाव कर्नाटकात आणि लागूनच असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन मित्रांचा सिलॅबस वेगळा, आणि तरी एकमेकांच्या नोट्सची जेरॉक्स मारून बसतात. टॉपिकचं नाव सारखं असलं तरी खालचे मुद्दे जुळवून बघा, मगच जेरॉक्सला पैसे घाला.

शब्दांची वही. सीमाभागातल्या पोरांची खरी अडचण इथं आहे आणि ती कुणी मनावर घेत नाही. एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठी मीडियम, पीयूसी सायन्सला एकदम इंग्लिश, आणि डिग्रीला काही ठिकाणी सर फळ्यावर इंग्लिशमधून लिहितात नि समजावतात कन्नडमधून. गणित कळतं पण वाक्य कळत नाही. दोनशे पानी वही घ्या, तीन रकाने पाडा: शाळेतला मराठी शब्द, इंग्लिश शब्द, आणि आपल्या भाषेत एका वाक्यात अर्थ. निश्चयक म्हणजे डिटर्मिनंट, विकलन म्हणजे डिफरन्सिएशन, संभाव्यता म्हणजे प्रोबॅबिलिटी, असं. कन्नडला घाबरायचं काही कारण नाही, तिकडंही सरासरीला सरासरीच म्हणतात, त्रिकोनाला त्रिकोन आणि समीकरणाला समीकरण, फक्त शेवट जरा ओढून म्हणतात.

पण मोठ्या शब्दांपेक्षा बारके शब्द जास्त मार्क खातात. 'ऑर' (किंवा) म्हणजे गणितात दोन्ही खरं असलं तरी चालतं. इंग्लिशमधलं 'सम' (काही) म्हणजे निदान एक, सगळे असले तरी चुकीचं नाही. 'अ‍ॅट मोस्ट दोन' म्हणजे जास्तीत जास्त दोन, म्हणजे शून्य, एक, दोन, तिन्ही धरायचे, आणि प्रोबॅबिलिटीच्या पेपरात निम्मी पोरं इथं शून्य विसरतात. 'इफ' आणि 'ओन्ली इफ' वेगळे आहेत: 'पाऊस पडला तर रस्ता भिजतो' यावरून 'रस्ता भिजला म्हणजे पाऊसच पडला' असं होत नाही, टँकर गळत गेला असेल की.

तपासणी. खालचे पाच प्रश्न पुस्तक न उघडता, दहा मिनिटांत करा.

१. |एक्स − ३| < २ असेल तर एक्स कुठून कुठपर्यंत?
२. −२एक्स < ६ सोडवा.
३. एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ किती?
४. १ ते १०० पर्यंतच्या संख्यांची बेरीज.
५. १/(एन(एन+१)) चे दोन तुकडे करा.

उत्तरं: १ आणि ५ च्या मधे; एक्स > −३, मायनसनं भागलं की चिन्ह उलटतं; |एक्स|, नुसतं एक्स नव्हे; ५०५०; १/एन − १/(एन+१). दोन चुकले तर टप्पा २ ला जाऊ नका, पीयूसीचं इनइक्वॅलिटी आणि मोड्युलस परत करून या. रिअल अ‍ॅनालिसिस जवळजवळ पूर्ण या दोन गोष्टींवर उभं आहे, आणि तिसऱ्या प्रश्नाला 'एक्स' असं लिहिणारा पोरगा पुढं कुठं कुठं पडणार हे मला आत्ताच दिसतं.

## टप्पा २: रोजचा क्रम

इथं फार सांगण्यासारखं नाही, फक्त क्रम पाळा. लेक्चरच्या आदल्या रात्री पंधरा मिनिटं उद्याच्या टॉपिकच्या फक्त डेफिनेशन वाचायच्या, कळल्या नाहीत तरी चालेल. लेक्चरला फळ्यावरचं सगळं उतरवत बसू नका, सर बोलताना जे फळ्यावर लिहीत नाहीत ते समासात लिहा, 'ही कंडिशन इथं वापरली' वगैरे, पुस्तकात ते नसतं. आणि त्याच दिवशी, झोपायच्या आधी, वही बंद करून कोऱ्या कागदावर आजचं लेक्चर आठवून लिहायचं. जिथं अडकाल तिथं लाल खूण. हे चाळीस मिनिटांचं काम आहे आणि रविवारी चार तास बसून त्याची भरपाई होत नाही.

खानापूर, चिक्कोडी, निपाणीवरून रोज ये-जा करणाऱ्यांचे दोन-तीन तास बसमध्ये जातात. बसमध्ये प्रूफ वाचू नका, धक्क्यात आणि गर्दीत ते डोक्यात शिरत नाही, उगाच अभ्यास केल्याचं समाधान मिळतं. बसमध्ये शब्दांची वही आणि डेफिनेशन आठवणं एवढंच. मोबाइलवर लेक्चर बघायचं असेल तर एनपीटीईएल आणि स्वयमवर फुकट आहेत आणि चांगली आहेत, पण व्हिडिओ बघणं हा अभ्यास नव्हे, पेन हातात असेल तरच धरायचा.

सावध. कॉलेजला तीन विषय असतात, त्यात फिजिक्स-केमिस्ट्रीची जर्नलं आणि सही घ्यायची घाई असते, मॅथ्सला तसं कुणी मागं लागत नाही. म्हणून मॅथ्सच पहिलं मागं पडतं. सकाळचा पहिला तास मॅथ्सचा, जर्नल रात्री लिहा, जर्नल झोपेत पण लिहिता येतं.

## टप्पा ३: डेफिनेशन, सगळ्यात जास्त वेळ इथं

पोरांना वाटतं डेफिनेशन म्हणजे दोन मार्कांचा प्रश्न. प्रत्यक्षात दहा मार्कांच्या प्रूफमधली पहिली आणि शेवटची ओळ बहुतेक वेळा डेफिनेशनच असते, ती आली नाही तर मधलं काही सुचतच नाही. प्रत्येक डेफिनेशनवर पाच कामं करायची, याच क्रमानं.

(क) शब्दशः लिहा. इथं पाठांतर चालतं, नव्हे लागतंच. सीक्वेन्स एल या लिमिटकडं जातो म्हणजे: प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी असा एक नंबर एन-नॉट मिळतो की त्याच्यापुढच्या सगळ्या टर्म एलपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असतात. 'टर्म एलच्या जवळ जवळ जातात' ही डेफिनेशन नव्हे. १ + १/एन ही सीक्वेन्स पण शून्याच्या जवळ जवळ जाते की, २, १.५, १.३३ अशी उतरतेय, पण लिमिट १ आहे.

(ख) आकडे घाला. १/एन घ्या, लिमिट शून्य. एप्सिलॉन ०.०१ दिला तर १/एन < ०.०१ कधी? एन १०० च्या पुढं गेला की. म्हणजे एन-नॉट १००. एप्सिलॉन ०.००१ दिला तर १०००. आता दिसतं का, समोरचा एप्सिलॉन देतो आणि आपण एन-नॉट काढून देतो, बाजारात भाव करतात तसं. तो कितीही बारीक दिला तरी आपल्याकडं उत्तर पाहिजे. हे दोनदा हातानं केल्याशिवाय जनरल एप्सिलॉनला हात घालू नका, आणि केल्यावर जनरल लिहायला एक ओळ लागते: १/एप्सिलॉनपेक्षा मोठा कुठलाही एन-नॉट घ्या.

(ग) न बसणारं उदाहरण शोधा. १, −१, १, −१ असा चालणारा सीक्वेन्स. हा कुठल्याच एलकडं जात नाही. का? एप्सिलॉन १ घ्या. लिमिट एल असता तर पुढं कुठंतरी १ आणि −१ दोन्ही एलपासून १ पेक्षा कमी अंतरावर आले असते, मग त्यांच्यातलं अंतर २ पेक्षा कमी झालं असतं, पण ते बरोबर २ आहे. संपलं. एवढ्या चार ओळींत तुम्ही तुमचं पहिलं खरं अ‍ॅनालिसिसचं प्रूफ लिहिलंत.

(घ) उलट वाक्य लिहा. 'लिमिट एल नाही' याचा अर्थ काय? 'प्रत्येक एप्सिलॉन'चं होतं 'एखादा एप्सिलॉन', 'असा एन-नॉट मिळतो'चं होतं 'कितीही पुढं गेलं तरी'. म्हणजे: एखादा असा एप्सिलॉन सापडतो की कितीही पुढं गेलं तरी एलपासून तेवढं किंवा त्याहून जास्त लांब पडणारी टर्म मिळतेच. हे काम सगळे टाळतात आणि 'कन्व्हर्ज होत नाही (म्हणजे कुठल्याच लिमिटकडं जात नाही) हे दाखवा' म्हटलं की कागद कोरा.

(ङ) शेजारच्या डेफिनेशनशी भांडण लावा. कंटिन्युअस आणि डिफरन्शिएबल यात फरक काय? |एक्स| शून्याजवळ कंटिन्युअस आहे पण तिथं टोक आहे, डिफरन्शिएबल नाही. टर्म शून्याकडं जातात म्हणजे सिरीज कन्व्हर्ज होते का? नाही, १ + १/२ + १/३ + १/४ + … बघा: १/३ + १/४ मिळून १/२ पेक्षा जास्त, पुढच्या चार टर्म मिळून परत १/२ पेक्षा जास्त, पुढच्या आठ परत. अर्धा अर्धा रुपया मिळतच राहिला तर कितीही मोठी रक्कम गाठता येते, उशिरा का होईना.

'प्रत्येक' आणि 'एक' यांचा क्रम. याच्यावर जरा थांबतो कारण याच्यात तिसऱ्या वर्षाची पोरं पण गंडतात. 'प्रत्येक गावाला एक वस्तीची बस आहे' आणि 'एक बस आहे जी प्रत्येक गावाला जाते', ही दोन वाक्यं सारखी वाटतात का? पहिल्यात हलशीची बस वेगळी, कणकुंबीची वेगळी. दुसऱ्यात एकच बिचारी बस सगळा तालुका फिरतेय. साधी कंटिन्युइटी पहिल्या वाक्यासारखी, प्रत्येक पॉइंटला आपला आपला डेल्टा (पॉइंटच्या किती जवळ राहिलं की फंक्शनची किंमत एप्सिलॉनच्या आत राहते, ते अंतर). युनिफॉर्म कंटिन्युइटी दुसऱ्यासारखी, एकच डेल्टा सगळ्या पॉइंटना पुरला पाहिजे. म्हणून एक्सचा वर्ग हे फंक्शन पूर्ण रिअल लाइनवर कंटिन्युअस आहे पण युनिफॉर्मली नाही: एक्स आणि एक्स + १/एक्स हे दोन पॉइंट एक्स मोठा होईल तसे एकमेकांना चिकटत जातात, पण त्यांच्या वर्गांतला फरक २ च्या खाली कधी येतच नाही. वजाबाकी करून बघा, २ + १/एक्स² येतं.

तपासणी. मित्राला, नाहीतर घरी भावाला, डेफिनेशन मराठीत सांगा, एक बसणारं आणि एक न बसणारं उदाहरण द्या. दोन मिनिटांत जमलं नाही तर थेरमकडं वळू नका.

## टप्पा ४: थेरम आणि प्रूफ

थेरम समोर आला की प्रूफ वाचू नका. आधी फक्त स्टेटमेंट वाचा आणि दोन रंगांनी खुणा करा, दिलेलं काय आणि दाखवायचं काय. मग दिलेल्यातली एकेक कंडिशन काढून बघा काय मोडतं. बंद आणि मर्यादित इंटर्व्हलवर कंटिन्युअस फंक्शनला मॅक्सिमम मिळतोच, पण इंटर्व्हल उघडा केला, ० ते १ टोकं सोडून, तर १/एक्स वरती पळत सुटतं, मॅक्सिमम कुठला. आता 'बंद' हा शब्द कशाला आहे ते तुम्ही विसरणार नाही, घोकायची गरजच नाही.

मग वीस मिनिटं स्वतः प्रयत्न. बहुतेक वेळा जमणार नाही, जमायची अपेक्षाही नाही, पण कुठं अडतंय ते कळतं आणि मग पुस्तकातलं प्रूफ वाचताना 'हां, इथं ही युक्ती आहे होय' असं होतं. वाचून झालं की पुस्तक मिटून तीन ओळींचा सांगाडा लिहा: कशानं सुरुवात, मधली युक्ती, शेवट कसा जुळतो. परीक्षेआधी फक्त हे सांगाडे वाचायचे, मधलं भरता आलं पाहिजे.

उलटं वाक्य आपोआप खरं धरणं ही इथली सगळ्यात महागडी चूक. ग्रुप थिअरीत लाग्रांजचा थेरम सांगतो की फायनाइट ग्रुपमध्ये सबग्रुपची ऑर्डर (म्हणजे त्यातल्या घटकांची संख्या) ग्रुपच्या ऑर्डरला भागते. उलट, भागणाऱ्या प्रत्येक नंबरचा सबग्रुप असतोच असं नाही, चार अक्षरांच्या अल्टरनेटिंग ग्रुपची ऑर्डर १२, पण ६ ऑर्डरचा सबग्रुप त्यात नाही. हे एक उदाहरण वहीत चौकट करून लिहा, व्हायवाला विचारतातच.

पेपर तपासताना सारख्या दिसणाऱ्या बाकीच्या चुका:

जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत लिहून खाली ०=० आणणं. कच्च्या कामात चालतं, फेअर लिहिताना खालून वर लिहा, आणि प्रत्येक पायरी उलटी चालते का ते बघा.

चार-पाच उदाहरणं घालून 'म्हणून खरं' म्हणणं. एनचा वर्ग + एन + ४१ मध्ये एनला ० पासून ३९ पर्यंत काहीही घाला, दर वेळी प्राइमच येतो, सलग चाळीस वेळा. ४० घातलं की १६८१, म्हणजे ४१ × ४१. चाळीस उदाहरणांनी फसवलं तर तुमच्या पाचांचं काय.

इंडक्शनमध्ये पहिली पायरी 'उघड आहे' म्हणून सोडणं. त्याचे मार्क सरळ कापतात, आणि कापलेच पाहिजेत.

दोन्ही बाजूंना एक्सनं भागणं, एक्स शून्य असेल का याचा विचार न करता.

## टप्पा ५: गणितं सोडवणं

उत्तरांचं पुस्तक, गाइड, मोबाइल, सगळं दुसऱ्या खोलीत ठेवा. एका गणितावर किमान अर्धा तास. अडलं तर उत्तराची फक्त पहिली ओळ बघा, परत मिटा. पूर्ण उत्तर बघावं लागलं तर त्या गणिताला 'झालं' म्हणायचं नाही, तीन दिवसांनी कोऱ्या कागदावर परत करायचं. माझ्याकडचा एक मुलगा शंभर गणितं 'सोडवून' आला होता, त्यातली दहा मी आकडे न बदलता तशीच दिली, तीन आली. बाकीची त्यानं बघितली होती, सोडवली नव्हती.

चुकांची एक वेगळी वही करा. गणित उतरवायचं नाही, फक्त एक ओळ: 'चिन्ह उलटलं नाही', 'कंडिशन तपासली नाही', 'प्रश्नच नीट वाचला नाही'. महिन्याभरानं वही उघडली की आपली ठरलेली दोन-तीनच दुखणी आहेत हे दिसतं, आणि बहुतेकांचं तिसरं दुखणं एकच, प्रश्न न वाचणं.

## टप्पा ६: स्टॅटिस्टिक्सचं गणित वेगळं

पीयूसीला पीसीएमएस (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स) घेऊन आलेल्यांना थोडी सवय असते, बाकीचे फॉर्म्युल्याच्या कागदावर भरवसा ठेवून येतात. फॉर्म्युला पाठ असून उपयोग नाही, कुठला कधी लावायचा हा प्रश्न असतो. बायनॉमियल लावायच्या आधी चार गोष्टी लिहूनच तपासा: प्रयोगांची संख्या आधी ठरलेली आहे का, प्रत्येकात दोनच निकाल आहेत का, एकाचा दुसऱ्यावर परिणाम नाही ना, आणि प्रोबॅबिलिटी दर वेळी तीच आहे का. पिशवीतून गोट्या परत न टाकता काढल्या की तिसरी कंडिशन लटकते आणि बायनॉमियल गेलं, तिथं हायपरजिऑमेट्रिक.

कंडिशनल प्रोबॅबिलिटी माणसं मोजून करा. फॉर्म्युला नंतर. समजा हजार माणसांत दहांना एक आजार आहे. टेस्ट आजाऱ्यांपैकी ९०% बरोबर पकडते, आणि निरोग्यांपैकी १०% ना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. तुमची टेस्ट पॉझिटिव्ह आली, आजार असण्याची शक्यता किती? वर्गात विचारलं की आवाज येतो, नव्वद टक्के. मोजा: आजारी दहांतले नऊ पॉझिटिव्ह, निरोगी ९९० मधले ९९ पॉझिटिव्ह. एकूण १०८, त्यात खरे आजारी ९. म्हणजे बारात एक, साधारण ८%. आता बेजचा थेरम लिहा, प्रत्येक आकडा कुठून आला ते दिसेल.

डेटाचं प्रॅक्टिकल: हा क्रम मोडू नका. प्रश्न काय, डेटा कसा गोळा झाला, ग्राफ, मग सरासरी वगैरे, मग टेस्ट, मग साध्या भाषेत निष्कर्ष. पोरं सुरुवातच टेस्टनं करतात. समजा भाजी मार्केटमधले टोमॅटोचे पाच दिवसांचे दर किलोला २०, २४, २६, ३०, ५० रुपये. सरासरी ३०, मध्यक २६. एका ५० नं सरासरी वर ओढली, आणि हे ग्राफ काढला असता तर एका नजरेत कळलं असतं. ५० बघून लगेच 'चुकीचा आकडा' म्हणून खोडू पण नका, त्या दिवशी पावसानं माल आला नसेल, आधी चौकशी करा.

आता व्हेरियन्स. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग १००, ३६, १६, ०, ४००, बेरीज ५५२. पाचानं भागलं तर ११०.४, चारानं भागलं तर १३८. दोन्ही बरोबर, वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं. हे पाच दिवस म्हणजेच तुमची पूर्ण पॉप्युलेशन असेल तर पाच, यावरून पूर्ण सीझनचा अंदाज करायचा असेल तर चार.

सावध, इथं मशीन फसवतं. आर सॉफ्टवेअर न विचारता एन−१ नं भागतं. पायथनमधलं नमपाय न विचारता एननं भागतं, आणि त्याच पायथनमधलं पांडाज एन−१ नं. एक्सेलमध्ये दोन वेगळी फंक्शन आहेत, शेवटी एस असलेलं सॅम्पलचं आणि पी असलेलं पॉप्युलेशनचं. कॅल्क्युलेटरवर पण दोन बटणं असतात. जर्नलमध्ये उत्तर जुळत नाही म्हणून रात्रभर डोकं धरून बसण्याआधी हे बघा. सोपा उपाय, नवीन मशीन हातात आलं की वरचे पाच दर घालून बघायचे, १३८ येतं की ११०.४.

पी-व्हॅल्यू. पी-व्हॅल्यू ०.०३ म्हणजे 'नल हायपोथेसिस (टेस्टसाठी आधी खरं धरलेलं विधान) खरं असण्याची शक्यता ३%' असं नाही, नाही, नाही. अर्थ असा: नल खरं धरलं तर आपल्याला मिळालाय एवढा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता ३%. आणि पी मोठा आला तर 'नल सिद्ध झालं' असं लिहू नका, 'नल नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही' असं लिहा. पुरावा नाही म्हणून सुटलेला माणूस निर्दोषच असतो असं कुठं आहे.

तपासणी. काय-स्क्वेअर लावायच्या आधी अपेक्षित फ्रिक्वेन्सी बघा, मिळालेली नव्हे. कुठली ५ च्या खाली असेल तर क्लास एकत्र करा आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम परत मोजा, हे दुसरं सगळे विसरतात.

## टप्पा ७: परीक्षेआधीचे पाच आठवडे

पहिले दोन आठवडे सांगाडे आणि डेफिनेशन, मधले दोन जुने पेपर, घड्याळ लावून, शेवटचा आठवडा फक्त चुकांची वही. जुने पेपर तुमच्याच स्कीमचे, टप्पा १ आठवा. पेपरात आधी पूर्ण प्रश्नपत्रिका वाचायला दहा मिनिटं द्या. प्रूफ येत नसेल तरी डेफिनेशन, दिलेलं आणि दाखवायचं लिहा, त्याला मार्क मिळतात, कोऱ्या पानाला नाही.

जॅम, म्हणजे आयआयटी वगैरे ठिकाणी एमएस्सीला प्रवेशाची परीक्षा, द्यायचा विचार असेल तर तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. मॅथ्सचा पेपर वेगळा, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा वेगळा, तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. एकच उत्तर बरोबर असलेल्या पहिल्या ३० प्रश्नांना चुकलं की प्रश्नाच्या मार्कांच्या एक तृतीयांश कापतात. एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असू शकतात ते १० आणि आकडा टाइप करायचे २० यांना निगेटिव्ह नाही, म्हणून ते कोरे सोडायचे नाहीत. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचाच मिळतो, माउसनं वापरायची सवय घरी करून जा.

एमएस्सीला धारवाड असो नाहीतर कोल्हापूर, स्टॅटिस्टिक्सचा स्वतंत्र विभाग दोन्हीकडं आहे. पण प्रवेशाला बीएस्सीत स्टॅटिस्टिक्स किती सेमिस्टर लागतं ते बीएस्सीला विषय निवडतानाच बघून ठेवा, नुसत्या मॅथ्सवर चालतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून बसू नका. आणि राज्य ओलांडून जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागल्या लागल्या टाका, मार्कलिस्टच्या चार-पाच झेरॉक्स सही-शिक्क्यासकट जवळ ठेवून, कारण प्रवेशाची तारीख कागदासाठी थांबत नाही आणि काउंटरवरचा माणूस 'सोमवारी या' म्हणतो तो नेमका सुट्टीचा सोमवार असतो.